बाईनं वाचलेलं, कावळ्यानं सांगतलेलं

२६ ऑक्टोबर

काल बाईचा दहावा झाला. माणसं नदीवरून आली तेव्हा दुपार टळून गेली होती. उपाशी, चेहरे उतरलेले. आम्ही बायका घरीच. हे ओट्यावर टेकले अन पाणी पिण्याच्या आधी म्हणे, "शिवला बाप्पा एकदाचा. मी बोललो तवा शिवला."

काय बोलले, विचारलं.

"गुड्डीचं लगन वर्षाच्या आत उरकून टाकतो म्हटलं. झपकन आला अन पिंड शिवला."

सगळ्या बायकांनी हात जोडले. "माय वं, लेकीत जीव अडकला होता बिचारीचा." पंगत बसायची होती, मी वाढायले गेली.

२७ ऑक्टोबर

सासरी आली तेव्हापासून या मोठ्या जावेले मी बाईच म्हणत आली. नावानं हाक मारायची रीत नाही अन कधी तशी इच्छाही झाली नाही. गुड्डी तिची एकुलती एक. बुलढाण्याले होस्टेलवर राहून नर्सिंग करते, दुसरं वर्ष. तिले तिथं पाठवायचं म्हणून बाईनं घरात चूल पेटवली नव्हती. सगळे उपाशी बसले तवा हो म्हटलं.

अन आता म्हणे तिचाच जीव लग्नात अडकला होता!

सोयाबीन काढता काढता वावरातच पडली. दवाखान्यात नेली, डॉक्टर म्हणे डोक्यातली नस फुटली. मंग एक शब्द बोलली नाही. जाता जाता काही बोलली असती तं कावळ्याले विचारायचं काम पडलं नसतं.

नदीवरचं यायनं, म्हणजे माह्या मालकानं, जेवताना सांगतलं. कावळे बाभळीवर बसलेले, खाली उतरायले तयार नाही. भजे ठेवा, तिले आवडत होते. ठेवले. माहेरची आठवण असन, तिचा भाऊ पुढं झाला. नाही. नामदेव, यायचा चुलतभाऊ, म्हणे, "वहिनीले पुस्तकाचा भल्ला नाद. लायब्ररीतून एखादं आणून ठेवा ना दगडावर." माणसं हसली म्हणे. दहाव्याले हसली! जीभ झडो त्या नामदेवची.

म्हटलं, येत नव्हता तं दर्भाचा कावळा करून शिववायचा असतो. तेवढी सोय आहे शास्त्रात.

"खरा आला तं दर्भाचा कायले?" हे म्हणे. खुशीत होते. मेल्या माणसाचं काम आपल्या तोंडून झालं, याची खुशी.

३ नोव्हेंबर

दिवाळी गेली. आमच्या घरी दिवा नाही, फराळ नाही. शेजारणीनं ताट आणून दिलं. भाऊजींनी, म्हणजे बाईच्या मालकांनी, त्यातलं एक उचलून पाह्यलं अन परत ठेवलं. ते माहे भासरे, यायचे थोरले भाऊ, त्यायच्यापुढं मी डोक्यावर पदर घेऊन असते, बोलणं नाहीच. म्हणून खा बी म्हणता आलं नाही.

१० नोव्हेंबर

बाजाराच्या दिवशी मोताळ्याले गेली. थैलीत खाली पुस्तकं, वर रिकामी पोती. जुनी सवय. आम्ही दोघी बाजार म्हणून जायचो अन आधी लायब्ररीत घुसायचो. भाजी मंग जी उरली ती. "तुमच्या बाजारात काय वांगे सुकलेलेच येतात काय?" हे विचारायचे.

सय्यद काका टेबलाशी. किती वर्षांपासून तेच बसतात तिथं. "आज एकल्याच? वो बाई?"

सांगतलं. चष्मा काढून ठेवला त्यायनं. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले, मंग टेबलाच्या खालून एक पुस्तक काढलं. "त्यायच्यासाठी बाजूले ठेवलं होतं. दूसरा कोणी मागत होता, दिलं नाही मी."

तिथंच रडली. इतके दिवस घरात रडायले जागा सापडली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका रडायच्या अन मी चहा करायची.

१३ नोव्हेंबर

ते पुस्तक उघडवत नाही. बाई कोणतंबी पुस्तक शेवटाकडून उघडायची. शेवटचं पान आधी वाचून घेणार, मंग पहिल्यापासून निवांत. "जीवाले घोर नको वं." मले तिचा भल्ला राग यायचा. अन वरून मले सांगून टाकायची, कोण मेलं ते!

आमचं वाचणं ज्ञानासाठी नव्हतं. मौज म्हणून. तरी पुस्तक झालं की तुरी निवडता निवडता, कापूस वेचता वेचता बाई विचारायची, "यातून घ्यासारखं काय?" मी बारावी शिकलेली, मी काहीतरी मोठं सांगायची. त्याग, माणुसकी. बाई हसायची. तिचं वेगळंच असायचं.

रेल्वे फाटकवाल्याच्या बायकोची कादंबरी होती एक. नवरा पिऊन पडलेला, ही झेंडी दाखवते, गाड्या सांभाळते, अन शेवटी साहेब येऊन नवऱ्याले बक्षीस देतो. मी म्हटलं, किती मोठ्या मनाची. बाई म्हणे, "कायची मोठ्या मनाची? येडी आहे. काम करावं, पण झेंडी आपल्या हातात आहे हे लोकायले दिसू द्यावं."

२४ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं. लोकांच्या घरी लग्नाचे बोलणे सुरू. यायनंही दोन ठिकाणी शब्द टाकला गुड्डीसाठी.

आज एक गोष्ट डोक्यात आली. आईबाप गेलं तं लेकराचं लगन वर्षाच्या आत करायचं, नाहीतर मंग तीन वर्षं करता येत नाही. ही रीत सगळेच मानतात, हे तं जास्तच. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त बंद. ते उघडतात तुळशीच्या लग्नाले, अन तोपर्यंत बाईचं वर्षश्राद्ध होऊन गेलेलं राहीन.

म्हणजे आषाढीपर्यंत कसंबी ढकलायचं. की मंग तीन वर्षं कोणी बोट लावू शकत नाही पोरीले. तिचं नर्सिंग होऊन नोकरी लागते तोवर.

एकदम हुशारी आली अंगात. बाईले सांगायले उठली अन मंग खाली बसली.

१५ डिसेंबर

पहिलं स्थळ आलं. गुड्डीले होस्टेलवरून बोलावून घेतलं होतं. मी रश्श्यात मीठ दोनदा टाकलं. पाहुणे पाणी पिऊन पिऊन बेजार. मुलाची मावशी सैपाकघरात आली, तिच्या कानात म्हटलं, पोट्टीले मंगळ आहे, घरचे सांगत नाही.

गेले ते गेले.

पाप लागन तं लागो. रहस्यकथा वाचून आम्ही दोघी हेच म्हणत होतो, खून करणाऱ्याचं चुकते कुठं? घाई करते तिथं. माह्याकडं टाईम आहे.

२० डिसेंबर

हे आज म्हणे, "मंगळाचं कोण बोललं?" मी म्हटलं, मले काय माहीत.

गोड आवाजात म्हटलं. बाई म्हणायची, रहस्यकथेत जो सगळ्यात गोड बोलते त्याच्यावर नजर ठेव. यायनं वाचली नाही एकही, बरं झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. वाण नाही, तिळगूळ नाही, दुखवट्याचं वर्ष आहे. दिवसभर घरात बसून सय्यद काकांनी ठेवलेलं पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून. शेवट वाचला तेव्हा पाहते तं कोणाले सांगू? पुस्तक मिटलं अन तसंच घेऊन बसली. एकटीनं वाचलेलं पुस्तक अर्धंच वाचल्यासारखं वाटते. लोक म्हणतात पुस्तकं सोबत करतात. करतात, पण ते उलटून विचारत नाही, घ्यासारखं काय.

भाऊजी ओट्यावर बसून होते. त्यायले कोणी घरात बोलावत नाही अन कोणी उठवत नाही. चहा ठेवला तं पितात.

९ फेब्रुवारी

आज बोलली. राहवलंच नाही.

सगळे घरात होते. हे, नामदेव, भाऊजी. जानेफळच्या एका घरचा निरोप आला होता, त्याच्यावर चाललं होतं. नामदेव म्हणे, वहिनीची इच्छा आहे, आपल्याले थांबता येत नाही. मी सैपाकघराच्या दारातून म्हटलं, "बाईची अशी इच्छा नव्हती."



"कवा म्हटलं तुले तिनं?" यायनं विचारलं.

आता काय सांगू? खरं ते सांगतलं. एक कादंबरी वाचत होतो. म्हातारा मरते अन त्याचे पोरं जे ज्याले पायजे ते म्हाताऱ्याच्या नावावर करून घेतात. वावर वाटायचं, बापूची इच्छा. बहिणीले हाकलायचं, बापूची इच्छा. तवा बाई म्हणली होती, "मेलेल्याच्या तोंडी काहीबी घालता येते. त्याले नाही म्हणता येत नाही ना. माह्या गुड्डीच्या मानेवर असं कोणी माहं मढं ठेवलं तं मी भूत होऊन येईन."

नामदेव आधी हसला. मंग हे हसले. "म्हणजे कादंबरीत म्हटलं तिनं!"

"कादंबरीत नाही, कादंबरी वाचताना."

"शोभे, मेल्यावर माणसाचं कावळा सांगते. तू काय कावळा हायेस काय?"

भाऊजी खाली मान घालून बसले होते. मले वाटलं आता ते बोलतात, बायको त्यायची, पोरगी त्यायची. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले.

१० फेब्रुवारी

काल जे लिहिलं नाही ते आज लिहिते. माणसं गेल्यावर हे म्हणे, "तुह्या पोटी काही नाही, म्हून दुसऱ्याची पोट्टी घरात धरून ठेवायची आहे तुले."

इतक्या वर्षांत हे कधी बोलले नव्हते. सासू बोलायची, गाव बोलायचं, हे नाही. आज त्यायच्या ताटात पोळी वाढली अन तोंड पाह्यलं नाही.

पुस्तकातल्या बायका अशा वेळी उठतात, काहीतरी बोलतात अन तिथं प्रकरण संपते. पुढचं पान कोरं. आपल्याले पुढं भांडे घासायचे राहतात.

१४ मार्च

गुड्डी होळीच्या सुट्टीत आली आहे. होळी नाहीच करायची आम्हाले. संध्याकाळी दोघी गच्चीवर वाळवण काढत होतो, तिथं बोलली तिच्याशी. तिच्या आईचं सगळं सांगतलं. मढं ठेवण्याचंही.

तिनं आयकून घेतलं. शांत पोट्टी आहे, बाईसारखी उसळत नाही. मंग म्हणे, "काकू, आईनं पुस्तक वाचून म्हटलं असन. पुस्तकातलं पुस्तकात. कावळा तं खरा आला ना?"

"तू नर्स होऊन राह्यली अन कावळ्यावर जातेस?"

"तुम्ही नव्हत्या तिथं. मीबी नव्हती. बाबा होते, काका होते. ते खोटं कायले बोलतीन?" मंग डोळे भरून आले तिचे. "दवाखान्यात नळ्या लावल्या होत्या ना, तेव्हा मी आईच्या हाताशी बसून होती. तिनं हात दाबला माहा. काही सांगायचं होतं तिले, मले समजलं नाही. आता समजलं ना काय होतं ते. मंग मी नाही कशी म्हणू?"

पोरीले आईचं शेवटचं बोलणं पाहिजे होतं अन ते कावळ्यानं आणून दिलं. मी ते तिच्या हातातून हिसकून काय देणार, तुरी निवडताना मारलेल्या गप्पा?

१६ मार्च

गुड्डी गेली होस्टेलले. जाताना पाया पडली अन म्हणे, "रागावू नका काकू. जानेफळचे शिकवतो म्हणून राह्यले."

सगळेच म्हणतात.

१३ एप्रिल

जानेफळचे लोक येऊन गेले. मी मीठ बराबर टाकलं. कारण वाकडं वागायची सोयच नाही ठेवली त्यायनं. मुलाचं औषधाचं दुकान आहे. खाली मान घालून बोलते. मुलाची आई सैपाकघरात येऊन माह्यासोबत पोळ्या लाटायले बसली. "बिनआईची लेक आहे, मी काय तिले कामाले जुंपीन?" म्हणे. खोटं बोलत असतील असं वाटलं नाही मले. इथंच तं घोळ आहे. पुस्तकात दुष्ट माणूस लांबूनच ओळखू येते. इथं सगळे चांगलेच आहेत. हेबी चांगले आहेत, वहिनीचा शब्द पाळून राह्यले. अन या सगळ्या चांगल्या माणसांच्या मधून एक पोरगी तिसरं वर्ष सोडून पोळ्या लाटायले जाईन.

निघताना मुलाच्या आईले विचारलं, होस्टेलवर राहू देसान का लग्नानंतर?

हसली. "लगन झाल्यावर होस्टेलवर कोण राहते वं?"

२ मे

मुलाच्या आजोबाचं दुखणं निघालं, म्हून तिकडून थांबले आहेत. मी रोज उठून त्या म्हाताऱ्यासाठी देवाले मागते. बरा बी होऊ नको अन मरू बी नको. काय होऊन राह्यलं मले?

२१ मे

म्हातारा बरा झाला.

२५ मे

आज अजब झालं. घरात कोणी नव्हतं. मी सैपाकघरात अन भाऊजी ओट्यावर. मधात दार. ते एकदम बोलले, माह्याकडं न पाहता, जसं काही रस्त्यावरच्या कुत्र्याशी बोलून राह्यले:

"ती वाचता वाचता हसे. पोट धरधरून हसे. एक पुस्तक होतं. त्याच्यात काय होतं?"

मी दाराच्या आड सरकली. कोणतं ते लगेच समजलं. ढोरांचा डॉक्टर असते एक, म्हशीले भिणारा. त्याची गावात बदली होते. बाई त्या पुस्तकावर इतकी हसली होती की डोळे पुसायले पदर पुरला नाही.

"म्हशीच्या डॉक्टरचं," म्हटलं. भासऱ्याशी बोललेला हा माहा पहिला शब्द असन बहुतेक.

"मी इचारलंच नाही कधी," भाऊजी म्हणे. "मले वाटे, बायकायचं काही असन."

२९ मे

सय्यद काकांकडून ते पुस्तक पुन्हा आणलं. "फिर से?" म्हणे. काही सांगतलं नाही.

३ जून

भाऊजींले वाचून दाखवते. दुपारी, हे वावरात गेले की. मी दाराच्या आत बसते, ते बाहेर खांबाले टेकून. हूं नाही का चूं नाही. मले वाटते झोपले, थांबते, तं म्हणतात, "मंग?"

आज तो डॉक्टर म्हशीले इंजेक्शन द्यायले जाते अन म्हैसच त्याच्या मागं लागते, तो कडब्याच्या गंजीवर चढते, तिथवर आलो. भाऊजी हसले. मोठ्यानं हसले, खोकला येईस्तोवर. मी बी हसली. अन मंग पाहते तं हसणं नव्हतं ते. उपरण्यात तोंड घालून बसले होते. पुस्तक मिटलं अन आत गेली.

बाईले या जागी काय घ्यासारखं वाटलं होतं, आठवून पाह्यलं. काहीच नाही. "याच्यात घ्यायचं काही नाही वं, नुसतं हसायचं," म्हणली होती.

११ जून

जानेफळवाले तयार झाले. आषाढीच्या आत लग्न, आमच्या दारात, साधं. सुपारी फोडायची तारीख धरली. हे घरी आले ते पेढे घेऊन. एक पेढा माह्या हातावर ठेवला अन म्हणे, "झालं गेलं सोड. वहिनी सुटली समज." ते माणूस खरंच हलकं झालं होतं. मी पेढा खाल्ला.

सुपारी फुटली की शब्द गेला. मंग मागं फिरणं नाही.

१४ जून

आज वाचायले बसली तं भाऊजी म्हणे, राहू द्या आज. मी उठणार होती.

"तो आधी उतरला होता."

कोण?

"कावळा. धाकट्याच्या आधी मी बोललो होतो. बारीक आवाजात, कोणाले आयकू नाही गेलं. म्हटलं, पोट्टीले पुरी शिकवतो, तू जा. तं तो बाभळीवरून उतरला. दगडावर बसला, पिंडाच्या अगदी जवळ. माह्याकडं पाह्यलं. अन उडाला. मंग धाकटा लग्नाचं बोलला, तं शिवला."

म्हटलं, कोणी हललं असन, कुत्रं आलं असन, म्हून उडाला. पण उतरला ना तुमच्या शब्दावर! हे तुम्ही आजवर बोलले काऊन नाही?

"कुत्रं नव्हतं. कोणी हललं नाही." भाऊजींचा आवाज एकदम कोरडा. "तिनं माहं आयकलं अन उडून गेली. माहा शब्द तिले माहीत होता ना. डोकं दुखते म्हणे, चक्कर येते म्हणे. मी म्हणे, उद्या नेतो. फवारणी होऊ दे, उद्या. सोयाबीन निघू दे, उद्या. वाचणं कमी कर म्हणे मी, पुस्तकानं दुखते तुहं डोकं. उद्या उद्यातच गेली ती. धाकटा बोलला तं करते, हे तिले माहीत. म्हून त्याचं मानलं तिनं, माहं नाही."

आठ महिने हा माणूस हे घेऊन ओट्यावर बसला होता. मी दारातून बाहेर आली. पदर खाली आला होता, तो बी सावरला नाही. म्हटलं, भाऊजी, बाई बी माणूसच होती. रागानं उडाली असन तं परत यायसाठी उडाली असन. हे सगळ्यांपुढं सांगा. गुड्डीले सांगा. ती तुमचंच मानन, माहं नाही मानत. आई आधी तुमच्या शब्दावर उतरली होती, एवढंच सांगा.

"अन सांगतलं अन मी नाही शिकवलं तं?"

"मी आहे ना."

भाऊजींनी चप्पल घातली अन गेले.

१५ जून

यायले सांगून पाह्यलं. म्हटलं, भाऊजी असं असं म्हणतात. हे हातातलं काम ठेवून म्हणे, "दादा तुह्याशी बोलला?" त्याचंच नवल. मंग म्हणे, "दादाच्या तोंडून आयकीन तं मानीन. तो बोलला तं मी सुपारी फुटू देत नाही. पण तू मधात पडू नको."

खरं बोलून राह्यले. यायचा शब्द असा, बोलतात ते करतात.

१७ जून

गुड्डी आली. होस्टेलचं सामान अर्धंच आणलं. बाकीचं काऊन ठेवलं, विचारलं. "राहू द्या ना काकू, आणीन मंग," म्हणे. तिसऱ्या वर्षाची मोठी मोठी पुस्तकं तिथंच ठेवली मैत्रिणीपाशी. मी डोळ्याले पदर लावला तं ती म्हणे, कांदा चिरून राह्यल्या काय? कांदा नव्हताच समोर.

बाप-लेकीले एकत्र बसवायचं म्हणून मुद्दाम दोघायले एकदमच वाढलं. जेवले. भाजी चांगली झाली म्हणे भाऊजी. गुड्डी म्हणे हाव. उठले.

१८ जून

सकाळी भाऊजींले गोठ्यात गाठलं. माणसांचं येणं-जाणं सुरू होतं, नामदेव मांडवाच्या बल्ल्या घेऊन आला होता, त्याच्यासमोरच गेली. पाहू दे. म्हटलं, गुड्डी घरात आहे, हे घरात आहेत. चला.

"हाव," म्हणे. "सांगतो."

"कवा?"

"पाहुणे बसू दे. सगळ्यायच्या समोर सांगतो. उद्या."

उद्याच येऊन राह्यले पाहुणे, तेव्हा दुसरं काय म्हणणार होते ते? बरोबरच आहे. तरी त्यायच्या तोंडून 'उद्या' हाच शब्द निघाला. त्यायच्या बी ध्यानात आलं, आपण काय बोललो ते. ढोराच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

मी घरात आली. सुपारीचं ताट गुड्डीच पुसून ठेवत होती. यायनं विचारलं, "काय म्हणे दादा?"

म्हटलं, उद्या बोलतो म्हणे.

हे माह्याकडं पाहत राहिले. दादाचा उद्या कसा असते, ते त्यायले बी माहीत आहे.

उद्या भाऊजी नाही बोलले तं मी बोलीन का, हे लिहायले वही उघडली होती. अजून लिहिता येऊन नाही राह्यलं.